साताऱ्यातला फियाटवाला मिस्त्री : कार्बोरेटर आणि पाइपांच्या कामाचा रिव्ह्यू

ज्यांच्याकडं अजून पद्मिनी, अ‍ॅम्बेसिडर, पेट्रोल जीप नाहीतर कार्बोरेटरवाली (पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देतो तो भाग) मारुती आहे आणि साताऱ्यात किंवा आसपास कोण नीट बघून देतं ते शोधताय, त्यांच्यासाठी लिहितेय. सरळ सांगते, जावा. कार्बोरेटरच्या कामाला एक नंबर, पाइपांच्या कामाला त्याहून भारी, आणि वेळेच्या बाबतीत देवाचं नाव घ्यायचं.

गॅरेजला बोर्ड नाही. जुन्या एमआयडीसीच्या बाजूला पत्र्याचं शेड आहे, बाहेर एक चाकं नसलेली फियाट विटांवर उभी असते, तीच खूण. मिस्त्रींनी नाव-नंबर कुठं टाकू नको म्हणून बजावलंय, आधीच कामं उरकत नाहीत म्हणाले, त्यामुळं टाकत नाही. पण त्या भागात कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात "फियाटवाला मिस्त्री कुठं" विचारा, चहावाला पण सांगेल.

गाडी आमच्या अण्णांची, १९८७ ची प्रीमियर पद्मिनी, एमएच यायच्या आधीच्या नंबरची. १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्सचा कार्बोरेटर, स्टेअरिंगजवळ गिअरचा दांडा, घरात सगळे फियाटच म्हणतात. अण्णांना आता गुडघ्यामुळं क्लच जमत नाही म्हणून मी चालवते आणि ते शेजारी बसून सूचना देतात. प्रॉब्लेम असा होता की सपाट रस्त्याला गाडी मस्त, शाहूपुरी ते पोवई नाका काय तक्रार नाही, पण घाट लागला की अर्ध्यात दम टाकायची. खंबाटकीला दोनदा झालं, यवतेश्वरला तर नेहमीचंच. आधी मिसिंग, मग पिकअप जातो, मग बंद. बाजूला घेऊन जरा वेळ थांबलं की परत चालू, थोडं वर जाते आणि परत तेच. उतारावर मात्र काही नाही, येताना गुणगुणत येते.

अण्णांचं निदान ठरलेलं, कार्बोरेटर गेला. आणि दुसरं ठरलेलं म्हणजे एसी पंपावर, म्हणजे टाकीतनं पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनावरच्या पंपावर, ओलं फडकं. डिकीत एक जुना टॉवेल आणि पाण्याची बाटली कायम असते, पंप तापला की पेट्रोलची वाफ होते आणि पंप ओढत नाही म्हणून फडकं टाकायचं, जुन्या फियाटवाल्यांना हे सांगायला नको. उन्हाळ्यात याने फरक पडतोही. पण आमची गाडी जानेवारीत सकाळी साताला, थंडीत काकडत असताना पण बंद पडली होती, तेव्हा वाफ कुठली व्हायला, हा प्रश्न मला पडला होता आणि तो मी दुसऱ्या एका गॅरेजात (नाव घेत नाही) विचारला तर तिथल्या माणसानं माझ्याकडं न बघता अण्णांना सांगितलं की साहेब कार्बोरेटर संपलाय, मारुतीचा बसवून देतो, ॲव्हरेज पण वाढेल. अण्णा नाही म्हणाले म्हणून त्याने बाजारातलं रिपेअर किट टाकलं, दोन दिवस बरी चालली आणि परत यवतेश्वरच्या त्याच वळणावर बसली.

तर या मिस्त्रींकडं गेल्यावर पहिली गोष्ट ही की त्यांनी बॉनेट उघडून कार्बोरेटरला हातच लावला नाही. मला म्हणाले ताई तुम्ही चालवता ना, मग तुम्ही सांगा, चढालाच होतं का, टाकी भरलेली असताना होतं का अर्धी असताना, चोक ओढला तर जरा वेळ सुधारतं का. टाकी अर्ध्याखाली असली की जास्त होतं हे मला त्यांनी विचारल्यावर लक्षात आलं. चोक ओढला की दोन-चार सेकंद जीव येतो हे पण खरं. एवढं ऐकून ते म्हणाले पेट्रोल पोचत नाहीये, आता का पोचत नाही ते शोधू, कार्बोरेटर शेवटी बघू.

मग त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. टाकी मागं, पंप पुढं इंजिनाला. पंपाच्या तोंडाजवळ रबरी पाइपाचा तुकडा काढून तिथं तात्पुरता पारदर्शक पाइप जोडला आणि गाडी चालू केली. स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, बारीक बारीक बुडबुडे. रेस केल्यावर बुडबुड्यांची रांगच. मिस्त्री म्हणाले हे बघा, पंप पेट्रोलबरोबर हवा पितोय. आणि इथं मला पहिल्यांदा समजलं की पंपाच्या अलीकडचा पाइप आणि पलीकडचा पाइप यांची दुखणी वेगळी असतात. पंपाच्या पुढं, म्हणजे कार्बोरेटरकडं जाणाऱ्या पाइपात पेट्रोल दाबानं जातं, तिथं चीर पडली की पेट्रोल बाहेर गळतं, वास येतो, दिसतं. पंपाच्या मागं, टाकीकडच्या पाइपात मात्र पंप ओढत असतो, तिथली चीर बाहेर फारसं गळत नाही, उलट बाहेरची हवा आत घेते, खाली थेंब नाही, वास नाही, आणि सगळे जण कार्बोरेटर खोलत बसतात. चढावर गाडीचं तोंड वर, टाकी खाली, म्हणजे पंपाला पेट्रोल अजून उंच ओढावं लागतं, त्यात इंजिन जोर लावतंय म्हणून पेट्रोल पण जास्त मागतंय, टाकी अर्धी असली तर आणखीच खालनं ओढायचं, मग कार्बोरेटरची वाटी, जिथं पेट्रोल साठतं ती, रिकामी होते आणि गाडी बसते. थांबून परत स्टार्टर मारला की मागणी कमी असते, वाटी हळूहळू भरते. उतारावर टाकी वर येते म्हणून गुणगुणणं. आमचं सगळं कोडं असं एका पारदर्शक नळीनं सुटलं आणि अण्णा पहिल्यांदाच गप्प बसले.

खराब पाइप सापडला तो मागं टाकीजवळचा, वीतभर तुकडा. बाहेरनं बरा दिसत होता. वाकवल्यावर बाहेरच्या बाजूनं जाळीदार भेगा, आणि कापून उभा चिरला तर आतला थर सुटून पापुद्रा लोंबत होता. तो पापुद्रा पेट्रोल जोरात ओढलं की आडवा येतो आणि पाइप अर्धा बंद करतो, म्हणजे दुखणं एक नव्हतं दोन होती. तो चिरलेला तुकडा त्यांनी मला दिला, घरी आहे, ज्याला बघायचाय त्यानं या.

आता असं का होतंय. मिस्त्रींचं म्हणणं हे प्रकार गेल्या दोन-तीन वर्षांत वाढलेत आणि कारण पेट्रोलमधलं इथेनॉल. पेट्रोल पंपांवर आता सगळीकडं २० टक्क्यांवालं येतंय. १९८७ सालच्या गाडीचे रबर, बुचाचे पॅकिंग, डायफ्राम (रबरी पडदे) हे काही इथेनॉलचा विचार करून बनवलेले नव्हते, त्यानं जुनं साधं रबर फुगतं, मऊ पडतं, मग वाळलं की तडकतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, आणि टाकीत वर्षानुवर्षं बसलेला मळ सोडवून पुढं पाठवतं, तो जाऊन बसतो फिल्टरात नाहीतर जेटमध्ये (कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा पितळी तुकडा). गंमत बघा, हे इथेनॉल यायचं कुठनं तर आपल्याच कारखान्यांतनं, कराड, वाळवा, सगळीकडं डिस्टिलऱ्या चालू आहेत, माझ्या मामांचा ऊस दरवर्षी जातो. म्हणजे मामांनी ऊस घालायचा आणि त्याच्या इथेनॉलनं भाचीच्या गाडीचा पाइप खायचा. उसाला दर मिळतोय तर मी काय बोलणार, पण जुन्या गाडीवाल्यांनी पाइप बदलून घेतलेच पाहिजेत, याला पर्याय नाही.

नवीन पाइप कुठला टाकला हे महत्त्वाचं आहे म्हणून लिहिते. दुकानात "पेट्रोल पाइप द्या" म्हणलं की मीटरवर कापून जो काळा पाइप देतात तो त्यांनी घेतलाच नाही. पाइपवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं बघून घेतला, आर६ आणि आर७ साधे असतात, आर९ ला आतनं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा थर असतो. महाग आहे, साध्याच्या तिप्पट-चौपट जातो, पण लागतो किती, सगळा मिळून मीटर-दीड मीटर, कारण बाकीची लाइन धातूची नळीच आहे. क्लिपा पण बदलल्या, त्या पट्टीला खाचा असलेल्या क्लिपा पाइपात रुततात म्हणून गुळगुळीत कडेच्या, नट-बोल्टवाल्या लावल्या. आधीच्या गॅरेजवाल्यानं मध्येच एक बाइकचा प्लास्टिकचा फिल्टर लटकवून ठेवला होता, तो पण एक्झॉस्टच्या बाजूला, तो मिस्त्रींनी दोन बोटांनी काढून मला दाखवला आणि एक शिवी दिली, ती इथं लिहिता येणार नाही. फिल्टर आता लांब, थंड बाजूला, नीट पट्टीत बसवलाय.

हे सगळं झाल्यावर मग कार्बोरेटर. मला वाटलं होतं आता गरज नसेल, पण स्लोवर गाडी थरथरत होती आणि पीयूसीला सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) काठावर येत होता (आमच्या वयाच्या पेट्रोल गाडीला मर्यादा ३ टक्के आहे), म्हणून करून घेतलं. खोलायच्या आधी त्यांनी हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक कार्बोरेटरच्या बुडाभोवती फिरवलं, डॉक्टर छातीला लावतो तसं, आणि एका जागी थांबून मला ऐकायला दिलं. स्स्स असा बारीक आवाज. तिथनं हवा आत जात होती. बऱ्याच ठिकाणी यासाठी पेट्रोल नाहीतर स्प्रे मारून बघतात, गरम इंजिनावर, मिस्त्री म्हणाले मला शेड जाळायचं नाही.

हवा का घेत होता तर कार्बोरेटरचा खालचा फेस, म्हणजे इंजिनावर बसायची सपाट बाजू, वाकलेला. दोन नट कुणीतरी जीव खाऊन आवळले होते, त्याने कान खाली जातात आणि मधे फट पडते, मग कितीही जाड पॅकिंग टाका. जाड काचेवर एमरी पेपर ठेवून, आठाच्या आकड्यात घासत घासत त्यांच्या भाच्यानं तो फेस सरळ केला, अर्धा तास तेच चाललं होतं. बटरफ्लायचा (ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या झडपेचा) स्पिंडल पण ढिला होता, हलवला की टकटक. तिथनं पण हवा जाते आणि मग स्लो कधीच सेट होत नाही. त्याला लेथवर पितळी बुश करून घातला. हे काम सगळे करत नाहीत, म्हणतात नवीन घ्या, आणि नवीन म्हणून जे मिळतं ते बरेचदा घासून पॉलिश केलेलं जुनंच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाल्या, तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला तरी माल फिरत असायचा, आता तिकडं पण शोधावं लागतं असं मिस्त्री म्हणतात. कुर्ल्यातच गाडी बनायची आणि कुर्ल्यातच तिचा पार्ट मिळेना, असो.

जेटचं एक सांगते कारण हे घरी करणारे पण वाचत असतील. मेन जेटवर आकडा कोरलेला असतो, तो म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, १२० असेल तर १.२० मिमी. पितळ मऊ असतं, त्यात तार घालून कोरलं की भोक मोठं होतं आणि आकड्याला अर्थ राहत नाही. आमच्या जेटमध्ये तार घातल्याच्या खुणा होत्या, भिंगातनं दाखवल्या मला. कंपनीचा जुना जेट त्यांच्या डब्यात निघाला, तो बसवला. साफ करायला ते क्लीनर, हवा आणि मासे धरायच्या गळाची नायलॉनची दोरी वापरतात. फ्लोट (वाटीत पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा) गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघितलं, नाही आले. वाटीत येणारं पेट्रोल अडवणारा निडल व्हॉल्व्ह बदलला, त्याच्या टोकाला रेष पडली होती, त्यानं पेट्रोल चढून ओव्हरफ्लो होतो. कार्बोरेटरमधल्या पंपिंगचा डायफ्राम पापडासारखा कडक झाला होता हे मला पण दिसलं. इंजिन बंद ठेवून वरनं घशात बघत ॲक्सिलरेटर दाबायचा, पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे, आमच्यात नुसतं ओघळत होतं. सिग्नलला गाडी उचलताना जो एक झटका बसायचा तो याचाच, अण्णा आजवर माझ्या क्लचला नावं ठेवत होते.

रेडिएटरचे दोन्ही होज पण दाबून बघितले. इंजिन थंड असताना चिमटीत दाबायचा, करकर आवाज आला किंवा क्लिपेजवळ फुगलेला लागला तर गेला समजा. खालचा बदलला. इथं माझी तक्रार आहे, बरोबर वळणाचा मिळाला नाही म्हणून जो टाकला तो थोडा लांब आहे, कापून बसवलाय, घरी आणल्यावर दोन दिवस क्लिपेतनं थेंब थेंब पाणी येत होतं. मी परत गेले तर लगेच आवळून दिलं, पैसे नाही घेतले, पण देतानाच बघायला पाहिजे होतं. चोकची केबल पण अजून जड आहे, दोनदा सांगूनही राहिलीच.

गाडी द्यायच्या आधी ते स्वतः यवतेश्वरचा घाट चढवून आणतात, गिऱ्हाइकाला शेजारी बसवून. मी बसले होते. ज्या वळणावर नेहमी बसायची तिथं त्यांनी मुद्दाम थांबवली, हँडब्रेकवर धरली आणि तिथनं उचलली. उचलली हो. पुढं कासच्या रस्त्यापर्यंत गेलो. मी विचारलं महाबळेश्वरला नेली तर परत सेटिंग करावं लागेल का, ते चौदाशे मीटरच्या आसपास आहे, हवा विरळ, त्यामुळं मिक्श्चर जरा रिच (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) होणारच, थोडी जड वाटेल, तर म्हणाले हात लावू नका, खाली आली की आपोआप बरी. इथेनॉलच्या पेट्रोलला उलट मिक्श्चर थोडं लीन (पेट्रोल कमी) पडतं म्हणून स्क्रू किंचित जास्त उघडा ठेवलाय, तेवढ्यावर भागलं, जेट मोठा करायची गरज पडली नाही. नंतर पीयूसी एका फटक्यात निघाली.

पैसे. पाइप, क्लिपा, फिल्टर, किट, जेट, लेथचं काम, मजुरी, सगळं धरून सहा हजारांच्या आत. आधीच्या ठिकाणी मारुतीच्या कार्बोरेटरचेच याहून जास्त सांगितले होते. बिल म्हणजे वहीच्या कागदावर लिहिलेली चिठ्ठी, पण प्रत्येक पार्टची किंमत वेगळी आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून परत. जीएसटी बिल पाहिजे असेल तर इथं मिळणार नाही. ऑनलाइन पेमेंट भाच्याच्या मोबाइलवर होतं, भाचा जाग्यावर असेल तर.

वाईट बाजू अशी की वेळ. परवा या म्हणाले की आठवडा धरा, लेथवाल्याकडं काम अडकलं की त्याहून जास्त. फोन उचलत नाहीत, उचलला तर "होतंय होतंय". बसायला एक मोडकी सीट आहे, तीही बहुतेक जीपचीच, आणि बायकांसाठी टॉयलेटची सोय नाही, त्यामुळं दिवसभर थांबून काम बघायचा विचार असेल तर तेवढं ध्यानात ठेवा. पण एक आहे, मी बाई म्हणून मला कुणी बाजूला बसवलं नाही. प्रत्येक गोष्ट मला दाखवून, माझ्या हातात देऊन सांगितली, आणि अण्णा मधे बोलायला लागले की मिस्त्री म्हणायचे "काका, गाडी ताई चालवत्यात, त्यांना बोलू द्या." एवढ्यासाठी एक स्टार जास्तच. सातारला इंजिनाचं वेड जुनं आहे, कूपरची डिझेल इंजिनं इथली, प्रिया स्कूटर इथल्याच एमआयडीसीत बनायची, मिस्त्रींनी पण हात तिथल्याच कामगारांकडं शिकून बसवलाय असं ते सांगतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वेळेचा आणि चोक केबलचा.

जाणार असाल तर टाकी अर्धीच ठेवून जा, मागचा पाइप काढायला सोपं पडतं. सकाळी दहाच्या आत गाठा, दुपारनंतर ट्रायलला बाहेर असतात. त्यांनी ब्रेकचे रबरी होज पण बघून ठेवलेत, पुढचे दोन्ही बदलायला सांगितलेत, ते दिवाळीच्या आधी करून घेणार आहे, झालं की इथंच खाली लिहीन.